जवळ बसणारी

सुमेधानं हात पदराला पुसला, एवढंच झालं. दादरच्या बाजारात फुलांच्या टोपल्यांपाशी ती उभी होती. निळं इस्त्रीचं पातळ, मानेवर पावडरीचा पांढरा पट्टा, अंबाड्यात अबोलीची वेणी. कांता समोरून आली आणि दोघींची नजरानजर झाली. कांताला हसू आलं, ते ओठांपर्यंत पोचलंही, आणि तेवढ्यात सुमेधाचा उजवा हात पदराकडे गेला. त्या हातात काहीच नव्हतं, फूल नव्हतं की पाण्याचा ओलावा नव्हता. तरी तिनं तो पुसला. आधी तळवा, मग बोटं, मग बोटांमधल्या जागा. मग फुलवाल्याकडे वळून ती म्हणाली, "ही कालची दिसतात." फुलवाला म्हणाला, "कालची असली तर पैसे देऊ नका बाई," आणि सुमेधा हसली. कांता पुढे गेली. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या माणसासारखं तिच्या ओठांवरचं हसू अवघडून तसंच उभं राहिलं. भाजीच्या गल्लीत वळल्यावर तिच्या लक्षात आलं, की घशाशी काहीतरी आलं आहे, कडू आणि पातळ. तिनं ते गिळलं. कोथिंबिरीच्या ढिगाचा वास, सडक्या पाल्याचा वास, कुणाच्या तरी डोक्याला लावलेल्या तेलाचा वास, हे रोजचेच वास एकदम अंगावर आले.

तो हात तिच्या ओळखीचा होता. करंगळीशेजारच्या बोटावर अंगठीनं पडलेला वळ, अंगठ्याच्या मुळाशी सुईचं जुनं टोचलेलं. दोन महिन्यांपूर्वी गिरगावातल्या त्या माजघरात हा हात तिच्या मनगटात असा रुतला होता, की नखांच्या चंद्रकोरी पुढे आठवडाभर दिसत होत्या. सुमेधाच्या बाळंतपणाला डॉक्टरीण मृणालिनीबाई कांताला बरोबर घेऊन गेल्या होत्या. बाई तपासून दुसऱ्या पेशंटकडे जायच्या, परत यायच्या, पुन्हा जायच्या. नर्स पाणी उकळायला स्वयंपाकघरात. सासू देवापाशी. नवरा हेरंब गॅलरीत वर्तमानपत्र धरून उभा, पान उलटायचं विसरलेला. आणि माजघरात, सासूच्या जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळलेली सुमेधा आणि तिच्या उशाशी कांता. कळ आली की सुमेधा मांजरासारखी अंग चोरायची, आणि कांता तिच्या कमरेच्या खालच्या हाडावर तळव्यानं दाब द्यायची, कानाशी तोंड नेऊन म्हणायची, "सोड, श्वास सोड, अजून सोड." सुमेधा ओकली ती कांताच्या छातीवर. चावली ती खांद्याला. घाण झाली तेव्हा ती लाजेनं रडायला लागली, आणि कांता म्हणाली, "होतं असं सगळ्यांचं, राणीचंही होतं." तेव्हा किळस वाटली नव्हती. खरंच नव्हती वाटली. त्या खोलीत किळसेला जागाच नव्हती, इतकं काम होतं. ती किळस आज आली, अबोलीची वेणी बघून, पावडरीच्या वासाबरोबर.

कांता हे काम करायला लागली त्याला दीड-दोन वर्षं झाली असतील. आधी ती परळच्या एका इस्पितळात आया होती. तिथल्या बाळंतपणाच्या वॉर्डात खाटांच्या दोन रांगा, आणि रांगेतली प्रत्येक बाई एकटी. नातेवाइकांना आत सोडत नसत. नर्स ओरडायची, "इतकी बोंबलू नकोस, तेव्हा बरं गोड लागलं," आणि बाकीच्या हसायच्या. कांता फरशी पुसता पुसता एखादीजवळ थांबायची, हात धरायची. मृणालिनीबाई तिथं होत्या. त्यांच्या लक्षात आलं, की जिच्याजवळ कांता थांबते ती कमी ओरडते आणि लवकर सुटते. गिरगावात एका महिला मंडळाचं प्रसूतिगृह आहे, तिथं बाई गेल्या तेव्हा कांताला म्हणाल्या, "आयाचं काम सोड. तू नुसती जवळ बस. घरच्या बाळंतपणांनाही मी तुला नेत जाईन." कांतानं सोडलं. चाळीत हसं झालं. शेजारची राधाबाई नळावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या कांतेचं काम लई भारी बघा. बाळंत होते दुसरी, नि दमून येते ही." कांताही हसली होती. नवरा कुशाबा गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. त्याला वाईट वाटलं नाही, पण कळलंही नाही. तो म्हणाला, "नर्स म्हणायचं का तुला?" "नाही." "सुईण?" "नाही." "मग विचारलं कुणी तर काय सांगू?" "जवळ बसते म्हणून सांग," ती म्हणाली होती, आणि कुशाबा बराच वेळ विडी न पेटवता तशीच बोटांत धरून बसला होता.

आता बाजारातून घरी येताना तिला एकेक घर आठवायला लागलं. प्रभादेवीची ती शिक्षकीण. बाळ झाल्यावर कांताच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली. पुढे एकदा कांता त्या आळीतून गेली तर वरची खिडकी लागली. शिवाजी पार्कजवळची वकिलाची सून. तिनं निरोप पाठवला होता, बाळ बघायला यायचं तर दुपारी ये, मागच्या जिन्यानं. त्या वेळी कांतानं मनाची समजूत घातली होती, की खिडकी वाऱ्यानं लागली असेल, पुढच्या जिन्याला रंग देत असतील. आज हात पुसलेला बघितल्यावर त्या सगळ्या समजुती एकदम नासल्या, दुधात लिंबू पडावं तशा. शिंपी चांगला असला की बायका एकमेकींना त्याचं नाव सांगतात. वैदूचं सांगतात, लोणचंवालीचं सांगतात. कांताचं नाव कुणी कुणाला सांगत नव्हतं. कारण नाव सांगायचं म्हणजे हेही सांगायचं, की मी तेव्हा कशी होते ते हिनं बघितलंय. असं काम टिकणार कसं? झाडाला फळ यावं आणि बी मात्र धरू नये, असं.

आणि काम टिकण्याचाच प्रश्न होता. चारच दिवसांपूर्वी मृणालिनीबाईंनी तिला प्रसूतिगृहाच्या मागच्या ओट्यावर बसवून सांगितलं होतं. "हे बघ कांता, मंडळाच्या बायका विचारतात, नर्स आहे, आया आहे, मग ही तिसरी कशाला. मंगळवारी सभा आहे. तुला कायमची ठेवा म्हणून मी सांगणार. पण माझ्या एकटीच्या सांगण्यावर त्या नाही ऐकणार. एखाद्या घरातल्या बाईनं सांगायला हवं, की हिचा मला उपयोग झाला."

"कोण सांगंल बाई?"

"सुमेधा पाटणकर. तिच्या सासूबाई मंडळात आहेत, त्यांच्या शब्दाला वजन आहे. तू जाऊन ये त्यांच्याकडे."

"तुम्हीच सांगा ना त्यांना."

"मी सांगितलं तर ती भीड होईल. तू जा." मग बाई म्हणाल्या होत्या, "नाही जमलं तर पुन्हा आयाचं काम आहेच. उपाशी नाही राहायची तू."

उपाशी राहायची नव्हती, हे खरंच. पण आयाचं काम म्हणजे पुन्हा बादली आणि फडकं, आणि कुणाजवळ थांबली की मागून हाक. कांताला ते नको होतं. आपल्याला काय हवं आहे हे तिला आयुष्यात पहिल्यांदा नीट कळलं होतं, आणि ते मिळायची वाट पाटणकरांच्या दारातून जात होती.

त्या दिवशी घरी तिला जेवण गेलं नाही. कुशाबा कामावरून आला तो थेट चळवळीच्या गोष्टी सांगत. गिरणीच्या भिंतीवर डांबरानं लिहिलेलं, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, ते पोलिसांनी चुना मारून पुसलं आणि पोरांनी त्यावरच पुन्हा लिहिलं. "आता अक्षरं आणखी उठून दिसतात," तो म्हणाला आणि खूश होऊन हसला. मग ताटाकडे बघून म्हणाला, "काय झालं?" तिनं बाजारातलं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ नको तिच्याकडं." मग म्हणाला, "नाहीतर जा. पण त्यांच्याकडचं काही घ्यायचं नाही." बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी वस्तीतल्या सगळ्यांनी मिळून ते ठरवलं होतं. उष्टं घ्यायचं नाही, उतरलेलं घ्यायचं नाही, मागून आणायचं नाही. घरातले देव माहीमच्या खाडीत सोडले, आणि जुन्या कपड्यांची बोचकी जाळली. त्यात एक गोधडी होती. कांताची आई गावाकडे, महारवाड्यात, सुईणीचं काम करायची. गावात कुणी बाळंत झालं की बाळंतिणीच्या अंगावरचं लुगडं आईला मिळायचं, ते तिचं हक्काचं. लांबून टाकायचे, आई झेलायची. त्या लुगड्यांची गोधडी शिवलेली. किती धुतली तरी डाग जायचे नाहीत, तपकिरी, कडा गडद झालेले, पाणी आटलेल्या डबक्यांसारखे. लहानपणी कांता त्याखाली झोपायची आणि उजेड यायला लागला की त्या डागांमध्ये आकार बघायची. बैल, डोंगर, माणसाचं नाक. पुढे मोठी झाल्यावर ते डाग कसले ते कळलं, आणि त्या दिवशी तिला जी ओकारी आली ती आईसमोरच. आईनं जागा पुसून घेतली. तिनं गोधडी घडी करून बाजूला ठेवली आणि रात्री पुन्हा अंथरली, कारण दुसरी नव्हती.

दोन दिवसांनी कांता ट्रामनं गिरगावला गेली. पाटणकरांचं बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर. दारात सासूबाईच होत्या, हातात वाती वळायचा कापूस.

"कोण गं?"

"मी कांता. डॉक्टरीणबाईंबरोबर आले होते."

"हां, हां. ये ना. अगं, तिथं नको बसू, पाट ओला आहे. इथं उंबऱ्याशी बस, वारं छान येतं."

पाट कोरडा होता. कांता उंबऱ्याशी बसली. आतून बाळाचं कुरकुरणं येत होतं आणि ओव्याच्या धुरीचा वास. सासूबाई प्रेमानंच बोलत होत्या. "लालबागची ना तू? तुमच्याकडची माणसं मोर्च्याला फार. मीही गेले होते हो. पकडलंन् आम्हाला. आत सगळ्या बायका एकत्र. तुमच्यातल्याही होत्या दोघी. एका परातीतून भात खाल्ला आम्ही. मी म्हटलं, आता कसली जात अन् कसलं काय, आता सगळे मराठी." असं म्हणता म्हणता त्या उठल्या, आत गेल्या आणि एक बोचकं घेऊन आल्या. ते त्यांनी दोन बोटांनी धरलं होतं, शेपटीला धरून उंदीर न्यावा तसं. "मी वाटच बघत होते तुझी. म्हटलं, ही अजून कशी आली नाही लुगडं न्यायला. बाळंतिणीचं लुगडं घरात राहिलं की सुवेराचा विटाळ फिटत नाही, बाळ झोपेत दचकतं. मोलकरणीला देणार होते, पण म्हटलं नको, तुझा हक्क आहे. तुमच्यात नेतातच की."

कांताला आधी कळलंच नाही. मग कळलं, की ही बाई गेले दोन महिने समजून आहे की कांता येईल ती हे न्यायलाच येईल. राग यायला हवा होता. पण त्याआधी भलतंच झालं. तिचे हात पुढे गेले. तिनं नेले नाहीत, ते गेले, ओंजळ करून, जरा खाली, वरून टाकलेलं झेलायला. आपले हात असे पुढे झालेले तिनं बघितले आणि तिला किळस आली. ती किळस सासूबाईंची नव्हती, बोचक्याची नव्हती, ती त्या हातांची होती, जे इतकं सगळं होऊनही आईचेच राहिले होते. दीक्षा मनाला लागली, हातांना कुणी सांगितलंच नाही. सासूबाईंनी बोचकं सोडलं. कांतानं हात मागे घेतले. बोचकं दोघींच्या मधे फरशीवर पडलं आणि त्याची गाठ सुटली. डांबराच्या गोळीचा वास आला, आणि त्याच्याखालून दुसरा, धुऊनही न गेलेला.

"मी लुगडं न्यायला नाही आले," कांता म्हणाली.

"मग? चोळीचा खण हवा? तोही देते."

"खण पण नको. मंगळवारी तुमच्या मंडळाची सभा आहे. डॉक्टरीणबाई मला कायम ठेवायचं म्हणताहेत. सुमेधाताईंनी एक शब्द सांगितला तर होईल, म्हणून आले."

सासूबाई पुन्हा बसल्या आणि त्यांनी कापूस मांडीवर ठेवला. "काय सांगायचं तिनं? बाळ डॉक्टरीणबाईंनी काढलं. नाळ त्यांनी कापली. पाणी नर्सनं तापवलं. धुणं मोलकरणीनं धुतलं. रागावू नकोस, पण मला सांग, तू केलंस काय?"

कांतानं तोंड उघडलं. दाबलेलं हाड, सोडलेला श्वास, कानाशी बोललेलं, हे सगळं तिच्याजवळ होतं, पण त्या स्वच्छ खोलीत त्यातलं काहीही बाहेर काढलं असतं तर ते घाण वाटलं असतं. "जवळ बसले," ती म्हणाली.

"बसलीस."

"हो."

"बसायला काय, मी नव्हते का घरात?"

"नव्हता," आतून आवाज आला.

सुमेधा दारात उभी होती, बाळ खांद्यावर. ती कांताकडे बघत नव्हती. फरशीवर पडलेल्या लुगड्याकडे बघत होती. "तुम्ही देवापाशी होता आई. हे गॅलरीत होते. ही होती. मी हिला चावले. हिच्या अंगावर ओकले. हिला शिव्या दिल्या, मला येतात हे मला माहीत नव्हतं अशा. तुम्हालाही दिल्या, त्याही हिनं ऐकल्या. आणि ह्याला," तिनं बाळाच्या पाठीवर हात ठेवला, "ह्याला म्हटलं, मर एकदाचा, मला सोड. ही म्हणाली, म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, त्याला अजून भाषा कळत नाही."

सासूबाई मांडीवरचा कापूस वळायला लागल्या.

"मला हिच्याकडे बघवत नाही," सुमेधा सावकाश म्हणाली. "परवा बाजारात दिसली, तर अंगावर काटा आला. वाटलं, मी कितीही आंघोळ केली तरी हिला मी तशीच दिसत असणार. ही आपल्या घरी परत येऊ नये असं मला वाटतं. पण हिला काम द्या आई. ही नसती तर मी त्या दिवशी उठून गॅलरीतून उडी टाकली असती." एवढं बोलून ती आत गेली.

कांताला हवा होता तो शब्द मिळाला होता, मागितला होता त्याहून मोठा. पण तिला बरं वाटलं नाही. तिच्या ध्यानात आलं, की तिलाही सुमेधाकडे बघवलं नव्हतं. दोघी एकमेकींना उघड्या जखमेसारख्या झाल्या होत्या. मृणालिनीबाईंनी हे सांगितलं नव्हतं, कदाचित त्यांना माहीत नसेल. या कामात ज्यांना जवळ घ्यायचं, त्या परत कधी जवळ येणार नव्हत्या. प्रत्येक वेळी नवी बाई, नवी ओकारी, नवा चावा, आणि मग एक नवं पाठ फिरवणं. हे आयुष्यभर करायचं का, असं तिनं स्वतःला विचारलं, आणि उत्तर यायच्या आत सासूबाई बोलल्या.

"बघू. सांगीन मी सभेत. पण एक आहे. नुसतं बसून राहायला मंडळ माणूस ठेवत नसतं. तिथलं बाळंतिणींचं धुणं तुझ्याकडे येईल."

"धुणं नाही करणार मी."

"लुगडंही नको, धुणंही नको."

"नको."

"फार बाई तुमचं आता," सासूबाई म्हणाल्या, आणि त्या आवाजात राग नव्हता, फक्त थकवा होता. कांता उठली. लुगडं ओलांडायला लागू नये म्हणून भिंतीच्या कडेनं बाहेर पडली.

मंगळवारी ती प्रसूतिगृहात गेली ती सभेसाठी नाही. सकाळीच मृणालिनीबाईंचा निरोप आला होता, एक जण अडली आहे, ये. सभा वरच्या मजल्यावर, खुर्च्या सरकल्याचे आवाज खाली येत होते. खालच्या खोलीत खाटेवर एक बारकीशी मुलगी होती, परळच्या गिरणीतल्या जॉबरची, म्हणजे मुकादमाची, बायको, पहिलंच बाळंतपण. डोळे फिरलेले, ओठ चावून सोलवटलेले. कांतानं तिच्या कमरेखाली हात घातला. मुलीनं तिचं दुसरं मनगट धरलं, सुमेधाची नखं रुतली होती त्याच्या जरा वरच. दातांमधून म्हणाली, "तुम्ही कोण?"

"कांता. मी इथंच आहे. श्वास सोड."

वरच्या खुर्च्या थांबल्या, मग पुन्हा सरकल्या. थोड्या वेळानं आया आत आली. तिच्या हातात बादली होती, तिच्यात रक्तानं माखलेल्या चादरी आणि वर गढूळ पाणी. तिनं ती कांताच्या पायाशी ठेवली. वाईट वाटल्यासारखं तोंड करून म्हणाली, "तुला ठेवलीय म्हणे कायम. पाटणकरबाई लई बोलल्या तुझ्या बाजूनं. हे धुणं पण तुझ्याकडेच द्या म्हणाल्या."

बादलीचा वास वर आला. कांताच्या घशाशी पुन्हा ते कडू आलं आणि या खेपेला तिनं ते गिळलं नाही, बाजूच्या तसराळ्यात थुंकली. मुलीला कळ येत होती. तिच्या पोटावर ती चढताना दिसत होती, कातडीखालून कुणीतरी मूठ वळावी तशी. कांताचे दोन्ही हात अडकलेले होते. तिनं पाय लांब केला आणि बादली दाराकडे सरकवली, फरशीवर करकरत, उंबऱ्याच्या पलीकडे. पाणी डचमळून थोडं सांडलं.

"अगं, मी काय सांगू वर?" आया म्हणाली.

"सांग, माझे हात रिकामे नाहीत."

"मग उद्या?"

"उद्याही नसतील."

आया बादलीकडे बघत उभी राहिली. तिनं ती उचलली नाही, तिलाही आता उचलावीशी वाटेना. मग ती निघून गेली. सभा सुटली. जिन्यावर चपलांचे आवाज, बायकांचं बोलणं. एकेक जण खाली आली, बादलीशी थबकली, नाकाला पदर लावला, निऱ्या उचलल्या आणि ओलांडून गेली. पाटणकरबाई शेवटी आल्या. त्यांनी बादली बघितली, मग खोलीत बघितलं. कांतानं त्यांच्याकडे बघितलं नाही. मुलीचं तोंड तिच्या खांद्यात होतं आणि दात लागायला सुरुवात झाली होती.

"जाऊ नका," मुलगी म्हणाली.

"नाही जात," कांता म्हणाली. "चाव."